फुटपाथवरच्या पावसासाठी वळकटी: जुना फ्लेक्स, तीन साड्या आणि एक शिलाई मशीन

"पाणी वरनं कमी येतं रे बाबा, खालनं जास्त येतं."

हे मला एका मावशींनी सांगितलं, परळ भागातल्या एका फ्लायओव्हरखाली, जुलै महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमाराला. आम्ही पाचसहा जण तिथे ताडपत्री वाटायला गेलो होतो आणि मनात असं होतं की डोक्यावर छप्पर नाही म्हणजे वरून झाकायला काहीतरी दिलं पाहिजे. मावशींनी वर बोट दाखवलं, वर सिमेंटचा पूल, तिथून थेंब पडत नव्हता. आणि मग खाली दाखवलं, रस्त्यावरचं पाणी फुटपाथच्या कडेने आत शिरत होतं आणि त्यांचा पुठ्ठा, त्यावरची चादर, त्यावर झोपलेली नात, सगळं खालून भिजत होतं. त्या रात्रीपासून आम्ही वाटणं थांबवलं आणि बनवायला लागलो. चार पावसाळे झाले. हा लेख त्या वळकटीबद्दल, म्हणजे गुंडाळून खांद्यावर नेता येईल अशा अंथरुणाबद्दल आहे, कशी बनवायची, कुठे चुकतं, आणि दिल्यानंतर काय करायचं, कारण खरं काम तिथे सुरू होतं.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्री बेघर लोकांची मोजणी झाली होती, फुटपाथ, पुलाखाली, रेल्वे प्लॅटफॉर्म, देवळाचा मंडप, मोठे सिमेंटचे पाइप, असं सगळीकडे फिरून. देशात १७ लाख ७३ हजार आणि त्यातले महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या वर. एका रात्रीत जे सापडले ते एवढे. तेव्हा तुमचं शहर कुठलंही असो, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर, स्टेशनच्या बाहेर रात्री एक चक्कर मारा, कुणासाठी बनवायचं हा प्रश्न पडणार नाही.

मशीनला हात लावायच्या आधी

कमीत कमी तीन वेळा नुसतं जाऊन या. हातात काही न घेता. तीन माणसं पुरे, त्यात एखादी तरी बाई असलेली बरी, आणि वेळ रात्री नऊ ते साडेदहा, जेवणं झालेली असतात आणि झोपायची तयारी सुरू असते. फोन खिशात ठेवा. कुणाचा फोटो काढायचा नाही, मुलांचा तर नाहीच. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. ते त्यांचं घर आहे, दार नाही एवढंच, तेव्हा आपण ओळख नसलेल्या घरी जसं जातो तसं जायचं. आधी "काका, बसू का इथे?" विचारायचं आणि हो म्हणाले तर बसायचं.

विचारायचं काय? रात्री किती जण एकत्र झोपता, पाऊस आला की काय करता, दिवसा अंथरूण कुठे ठेवता, सगळ्यात आधी काय चोरीला जातं, कागदपत्रं कुठे असतात. हे सगळे प्रश्न एकदम फॉर्म भरल्यासारखे नाही विचारायचे, चहा पिता पिता एकेक निघतात.

आमचं पहिलं डिझाइन स्लीपिंग बॅगचं होतं. इंजिनिअरिंगच्या दोन पोरांनी फार मेहनतीने काढलेलं, बाजूला लांब चेन, आत फोमचा थर, दिसायला एकदम भारी. मावशींनी आत शिरून बघितलं, चेन वर ओढली, परत खाली ओढली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "रात्री कुणी अंगावर आलं तर मी यातनं निघू कधी?" आम्ही सगळे गप्प. एकट्या बाईला रात्री उठून पळता आलं पाहिजे, दारू प्यायलेला माणूस येतो, गाडी फुटपाथवर चढते, सामान उचलून नेणारे पहाटे येतात. हात-पाय अडकतील असं काहीही चालणार नाही हा आमचा पहिला नियम त्या दिवशी ठरला.

नंतर वाचताना कळलं की हे जगात सगळीकडे असंच घडलंय. मायकेल राकोविट्झ नावाच्या अमेरिकन कलाकाराने १९९८ मध्ये बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये बेघर लोकांसाठी प्लास्टिकचे फुगणारे तंबू बनवायला घेतले, इमारतीतून बाहेर फेकल्या जाणाऱ्या गरम हवेवर ते फुगायचे. पहिला तंबू काळ्या पिशव्यांचा होता. तर तिथल्या लोकांनी सांगितलं की आम्हाला आतून बाहेरचं दिसलं पाहिजे, कोण जवळ येतंय ते कळलं पाहिजे. मग त्याने पारदर्शक प्लास्टिक वापरलं. परळच्या मावशींचं आणि त्यांचं म्हणणं एकच.

तर आमच्या लोकांच्या सांगण्यावरून जे ठरलं ते असं: खालून पाणी येऊ नये, वरून झाकायला एक सैल पदर असावा, एक बाजू पूर्ण उघडी असावी, अर्ध्या मिनिटात गुंडाळता यावं, खांद्यावर नेता यावं, कागद ठेवायला जागा असावी, आणि दिसायला फार नवंकोरं नसावं. नवीन दिसलं की चोरी होते.

सामान

एका वळकटीला दहा बाय आठ फुटांचा एक जुना फ्लेक्स, तीन पाचवारी साड्या (दोन सिंथेटिक, एक सुती), तीन-चार मीटर दीड इंची बेल्टपट्टी (दप्तराला असते ती), सहा आयलेट म्हणजे फ्लेक्सच्या कडेला असतात त्या धातूच्या रिंगा, जाड पॉलिस्टरचा दोरा, चप्पल-बूट चिकटवायचं सोल्यूशन, दाभण, आणि धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या साधारण दीडशे. शेवटचं वाचून थांबू नका, पिशव्यांचं काम पुढे येतं. फ्लेक्स आणि साड्या फुकट मिळतात, त्यामुळे बाकीच्या सामानाचा खर्च आम्हाला एका नगामागे शंभर-सव्वाशे रुपये येतो.

फ्लेक्स कुठून आणायचा? गणपती संपले की मंडळांकडे, निवडणूक संपली की कार्यकर्त्यांकडे, वाढदिवसाचे बॅनर तर बारा महिने. मात्र मागून घ्या. रस्त्यावर लटकलेला स्वतः उतरवायला गेलात तर भांडण व्हायचं. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानातही चुकून छापलेले, रंग बिघडलेले तुकडे पडलेले असतात आणि ते आनंदाने देतात.

घेताना एक परीक्षा करायची. कोपरा दुमडून नखाने दाबा आणि उलगडा. घडीवर नुसती पांढरी रेघ दिसली तर चालेल, पण रेघेवर तडे गेले आणि आतली जाळी दिसायला लागली तर तो फ्लेक्स उन्हात तळलेला आहे, पहिल्याच पावसात फाटेल, परत करा. जे महिनोन्‌महिने उन्हात लटकलेत ते बहुतेक यात नापास होतात, सणासुदीचे आठ-दहा दिवस लागलेले चांगले निघतात.

लाकडी चौकटीवरून काढलेला असेल तर कडेला बारीक खिळे किंवा स्टेपलच्या पिना राहतात, हात फिरवून नाही, लोहचुंबक फिरवून शोधा. आमच्यातल्या एकीच्या तळहातात पिन शिरली होती. मग साबणाच्या पाण्याने दोन्ही बाजू घासा, गच्चीवर दोरीवर दोन-तीन दिवस वारा लागू द्या म्हणजे शाईचा वास जातो.

आणि छापील बाजू आत ठेवायची. कुठल्या साहेबांचा चेहरा किंवा बिल्डरची जाहिरात अंगावर घेऊन कुणी का झोपावं. शिवाय देवाचा फोटो असलेला फ्लेक्स तर घेऊच नका, त्यावर पाय ठेवायला लोक तयार नसतात आणि ते बरोबरच आहे.

कापणं आणि बांध घालणं

दहा बाय आठमधून साडेसात फूट लांब आणि आठ फूट रुंद असा तुकडा कापा. उरलेली अडीच फुटांची पट्टी फेकू नका, पिशवी, खिसा, ठिगळं सगळं त्यातूनच होतं.

आता हा तुकडा पुस्तकासारखा समजा. डावीकडचं पान जमिनीवर, त्यावर माणूस झोपणार. उजवीकडचं पान अंगावर ओढायचा पदर. पदर रुंद लागतो, कारण झोपलेल्या अंगावरून तो पलीकडे उतरला पाहिजे, म्हणून खालचा भाग सव्वातीन फुटांच्या आसपास आणि पदर चार फूट असा हिशोब धरा, राहिलेलं दुमडीत जातं.

खालून येणाऱ्या पाण्याला अडवायला आम्ही शेतासारखा बांध घालतो, आणि या सगळ्यात कामाची गोष्ट हीच. डोक्याकडची आणि पायाकडची कड पाच इंच आत दुमडून टीप मारायची, म्हणजे पायजम्याच्या नेफ्यासारखी एक नळी तयार होते. तशीच तिसरी नळी खालच्या भागाच्या बाहेरच्या लांब कडेला. चौथी बाजू म्हणजे पुस्तकाची शिवण, तिथे कड नाही, तर फ्लेक्सचा पाच इंचाचा चिमटा वर उचलून त्याच्या बुडाशी टीप मारायची, तीही नळीच झाली. या चार नळ्यांमध्ये दुधाच्या पिशव्या घट्ट गुंडाळून एकामागोमाग एक सारायच्या. दोनेक इंच उंचीचा मऊ बांध तयार होतो. पदराच्या भागातली नळी रिकामीच सोडायची.

आधी आम्ही चिंध्या भरल्या होत्या. चिंध्या पाणी पितात, दुसऱ्या दिवशी वळकटी उचलवेना. पिशव्या भिजत नाहीत, वजन नाही, आणि वळकटी गुंडाळताना त्या दबतात.

कोपऱ्यांत फ्लेक्सचे चार-पाच थर येतात, तिथे मशीन चालणार नाही, सुई मोडेल. कोपरे दाभणाने आणि जाड दोऱ्याने हाताने घाला. कोपरा कापून सोपा करायचा मोह होतो, तो टाळा, एक छोटी चीर पडली तरी पाणी बरोबर तिथूनच येतं.

शिलाई मशीनचं थोडं सविस्तर सांगतो, कारण बरेच जण इथे कंटाळून सोडतात. घरातलं जुनं काळं पायाचं मशीन याला सगळ्यात चांगलं, ते जाड खातं. सुई १८ नंबरची लावा, १६ ने पण निभतं. टाका मोठा, चार ते पाच मिलिमीटर. कापडावर बारीक टाका मजबूत असतो तसा फ्लेक्सवर नसतो, जवळजवळ भोकं पडली की पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेघेवरच फाटतं. म्हणूनच टीप चुकली तर उसवून त्याच जागी परत मारायची नाही, अर्धा इंच सरकून मारायची. फ्लेक्स मशीनच्या फूटला (सुईजवळ कापड दाबून धरतो तो धातूचा तुकडा) चिकटतो आणि पुढे सरकत नाही, त्यावर उपाय म्हणजे फूटच्या खालच्या बाजूला पारदर्शक सेलोटेपचा तुकडा चिकटवायचा किंवा फ्लेक्सवर थोडी टाल्कम पावडर शिंपडायची. दोघांनी मिळून शिवा, एक मशीनवर आणि एक जण मागून फ्लेक्सचं वजन उचलून धरायला, नाहीतर ते वजनच सुई वाकवतं.

आता टीप मारली म्हणजे भोकं पडली. जमिनीकडच्या बाजूने प्रत्येक टिपेवर दोन इंच रुंदीची फ्लेक्सची पट्टी सोल्यूशनने चिकटवायची. दोन्ही पृष्ठभाग आधी खरखरीत कागदाने हलकेच घासा, सोल्यूशन दोन्हीकडे पातळ लावा, पाच-सात मिनिटं सुकू द्या आणि मग दाबा. ओलं असताना दाबलं तर सुटतं. हे काम गच्चीत किंवा खिडक्या उघडून करा. आणि गरम हवेच्या गनने फ्लेक्स वितळवून जोडायचा प्रयत्न घरी करू नका, फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, जळाला तर त्यातून जो धूर येतो तो छातीला फार वाईट.

पदराच्या बाहेरच्या कडेला सहा आयलेट ठोका, दोन कोपऱ्यांत आणि चार मध्ये. ठोकायच्या आधी तिथे बेल्टपट्टीचा तुकडा मागून लावा नाहीतर वाऱ्याने रिंग फ्लेक्ससकट उपटून येते. या रिंगांमधून सुतळी ओवून पदर रेलिंगला किंवा खांबाला बांधता येतो, म्हणजे छोटं छप्पर होतं आणि खाली हवा खेळते. बरेच जण हेच करतात, पदर अंगावर कमी घेतात, कारण फ्लेक्समधून हवा जात नाही आणि आत घाम सुटतो.

गोधडी

फ्लेक्सवर नुसतं झोपलं तर घाम येतो, थंडी लागते. म्हणून गोधडी. आणि हे काम कुणी करायचं याचा विचार करू नका, तुमच्या बिल्डिंगमधल्या, चाळीतल्या आज्यांना विचारा. लालबागच्या एका चाळीतल्या चार आज्या आमच्यासाठी शिवतात, त्यातल्या सगळ्यात मोठ्या आजी ब्याऐंशीच्या आहेत आणि त्यांचा धावदोरा आमच्या मशीनपेक्षा सरळ येतो.

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि एक मीटरच्या थोडी वर रुंद असते. लांबीत तिच्या तीन घड्या घातल्या की सहा फुटांचा तुकडा मिळतो, रुंदी साडेतीन फूट, कडा आत दुमडल्या की तीन फूट. म्हणजे एका साडीचे तीन थर. दोन सिंथेटिक साड्यांचे सहा थर आत, आणि सुती साडी बाहेरून पांघरुणासारखी, दोन थर वर आणि एक खाली. सुती बाहेर कारण अंगाला मऊ लागते. सिंथेटिक आत कारण लवकर वाळते. आज्यांना हे पटत नव्हतं, गोधडी म्हणजे सुतीच, पण मुंबईच्या पावसात नऊ थरांची सुती गोधडी चार-चार दिवस वाळत नाही, कुबट वास येतो, अंगाला खाज सुटते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वाळवायला ऊन कधी मिळणार.

साड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. जरीचे काठ कापून टाका, टोचतात. सगळे थर जमिनीवर पसरून चारही कोपऱ्यांना वजन ठेवा, मोठमोठ्या टाक्यांनी कच्चं टाचून घ्या आणि मग कडेपासून सुरुवात करून आत आत धावदोरा घाला, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. हाताने एका गोधडीला एका आजीचे तीन-चार दिवस जातात. घाई असेल तर मशीनवर उभ्या-आडव्या टिपा मारून दीड-दोन तासांत होते, तितकी मऊ होत नाही पण टिकते.

गोधडी फ्लेक्सला शिवायची नाही. हे ठळक अक्षरात लिहिल्यासारखं समजा. पहिल्या वर्षी आम्ही शिवली होती, बारा वळकट्या, महिन्याभरात बारापैकी नऊंना बुरशी आली कारण गोधडी काढून वाळवताच येईना. लोकांनी त्या तशाच वापरल्या, आम्हाला बोललेसुद्धा नाहीत, आम्ही पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा वासावरून कळलं. फार वाईट वाटलं तेव्हा. आता चार कोपऱ्यांना कापडी नाड्या असतात, फ्लेक्सच्या आतल्या बांधाला नाडीचे फास, बांधलं आणि सोडलं.

कागदांचा खिसा

आधार कार्ड, रेशन कार्ड, हॉस्पिटलची फाइल. टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर राहणारे कितीतरी लोक गावाहून उपचारासाठी आलेले असतात आणि त्यांच्यासाठी ती फाइल म्हणजे सगळं काही. एकदा भिजली की परत रिपोर्ट काढायला खेटे. उरलेल्या फ्लेक्सचा तेरा इंच बाय दहा इंचाचा पाकीटवजा खिसा शिवा, ए-फोर कागद न दुमडता बसतो, तोंडाची झडप सहा इंच लांब ठेवा आणि ती दोनदा दुमडून नाडीने बांधायची. वेल्क्रो लावू नका. रात्री वेल्क्रो उघडल्याचा चर्रर्र आवाज शेजारच्या दहा माणसांना कळतो की इथे काहीतरी ठेवलंय.

खिसा वळकटीला शिवायचा नाही, गळ्यात अडकवता येईल अशी लांब दोरी लावायची. वळकटी गेली तरी कागद राहिले पाहिजेत. बायकांसाठी आम्ही आत अजून एक छोटा कप्पा देतो, पॅड ठेवायला. हे एका मुलीने मागितलं होतं, आमच्यातल्या कुणाला सुचलं नव्हतं.

बेल्टपट्टीचे दोन पट्टे गुंडाळून बांधायला आणि एक लांब पट्टा खांद्याला, झालं. सगळं मिळून सव्वातीन किलोच्या आसपास भरतं.

देण्याआधी स्वतः झोपा

आमच्या ग्रुपमध्ये नियम आहे की जो बनवतो तो आधी एक रात्र त्यावर झोपतो. गच्चीत, फरशीवर, उशीशिवाय. सकाळी कंबर कशी आहे, आयलेट कुठे टोचली, बांध मानेखाली येतो का, हे सगळं तुमचं तुम्हाला कळतं. मग पाण्याची परीक्षा: आत वर्तमानपत्र पसरा, बाहेरून बांधाच्या चारही बाजूंनी मिळून दोन बादल्या पाणी हळूहळू ओता, अर्ध्या तासाने पेपर बघा. कुठे ओला झाला ती जागा पेनने खूण करून परत पट्टी लावा. आणि घड्याळ लावून गुंडाळून बघा, तीस सेकंदांत खांद्यावर आली पाहिजे.

देताना

जिथे आठ माणसं झोपतात तिथे आठ तयार होईपर्यंत जाऊ नका. तीन दिल्या तर रात्री भांडण होतं आणि ते आपण लावून दिलेलं असतं. रांग लावायची नाही, भाषण नाही, बॅनर नाही. आधी सांगून ठेवा की अमुक दिवशी येतो. कुणी नको म्हणालं तर नको. एका काकांनी दोन वर्षं नाही घेतली, तिसऱ्या वर्षी स्वतःहून विचारलं.

काही गोष्टी तोंडी सांगाव्याच लागतात. लहान बाळाच्या तोंडावर पदर कधीच येऊ द्यायचा नाही, हवा जात नाही, जीव जाऊ शकतो. बाळ असेल त्या घरात पदर बांधूनच ठेवा म्हणावं. चूल, स्टोव्ह, अगरबत्ती, मच्छर कॉइल, सगळं लांब. उन्हाळ्यात फ्लेक्स दिवसा तापतो, तेव्हा नुसती गोधडी वापरा.

खिशात एक कागद आधीच घालून ठेवा, जवळच्या रात्र निवाऱ्याचा पत्ता आणि नंबर मोठ्या अक्षरात: अँब्युलन्स १०८, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७. निवाऱ्याचा पत्ता आधी स्वतः जाऊन बघून या, चालू आहे का, बायकांना घेतात का, कुटुंबाला एकत्र राहू देतात का. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलेलं आहे की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकवस्तीमागे एक निवारा, बारा महिने चोवीस तास चालणारा पाहिजे, आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी योजना होती, ते अभियान २०२४ मध्ये संपलं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे १२४ निवारे हवेत. तुमच्या शहराचा आकडा असाच काढा आणि वॉर्ड ऑफिसात किती चालू आहेत ते लेखी विचारा. वळकटी शिवणारा हात अर्जही लिहू शकतो. आमच्यातले दोघं आता फक्त हेच करतात.

पंधरा दिवसांनी परत

जे देऊन येतात ते परत जात नाहीत, याचा लोकांना इतका अनुभव आहे की आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मावशींनी विचारलं, "काय विसरलं का इथं?" परत जायचं ते दुरुस्तीला. आमची पेटी अशी असते: दाभणं, दोरा, फ्लेक्सची ठिगळं, बेल्टपट्टी, आयलेट आणि पंच-हातोडी, कात्री, दप्तराच्या चेनचे रनर, चपलांचे अंगठे. हो, कारण एकदा बसलात की लोक वळकटीबरोबर तुटलेली चप्पल, चेन गेलेली बॅग, फाटलेली छत्री सगळं आणतात, आणि मला विचाराल तर पावसाळ्यात एका चपलेचा अंगठा लावून देणं हे वळकटीइतकंच मोलाचं आहे. महिन्यातून दोन रविवार, एकाच जागी, एकाच वेळी. लोकांना माहीत होतं की हे येणार.

वळकटीबरोबर प्रत्येकाला एक दाभण, दोरा आणि चार ठिगळं द्या म्हणजे मधल्या काळात त्यांचं ते शिवतील. सोल्यूशन मात्र कधीही मागे ठेवू नका, ट्यूब नाही, डबी नाही, रिकामीसुद्धा नाही. रस्त्यावरची मुलं ते फडक्यावर घेऊन हुंगतात, त्याची नशा लागते. लावायचं काम आपण करायचं आणि डबी मोजून पेटीत परत.

दुसऱ्या वर्षी पुलाखालच्या एका काकांनी माझ्या हातातून हातोडी घेतली. म्हणाले, तुम्ही वाकडी मारताय. ते पूर्वी बॅगांच्या कारखान्यात होते, कारखाना बंद झाला, खोली सुटली, मग इथे. त्यांनी अर्ध्या तासात सगळ्या रिंगा बसवल्या, एकही तिरकी नाही. तेव्हापासून आयलेट आणि बेल्टचं काम त्यांच्याकडे आहे, नगावर पैसे देतो, रोख, त्याच दिवशी. अमेरिकेत डेट्रॉइटला व्हेरोनिका स्कॉट नावाच्या विद्यार्थिनीने स्लीपिंग बॅग होणारा कोट बनवला होता, तेव्हा शेल्टरमधल्या एका बाईने तिला सुनावलं की आम्हाला कोट नकोत, काम पाहिजे. मग तिने शेल्टरमध्ये राहणाऱ्या बायकांनाच पगारावर घेऊन कोट शिवायला सुरुवात केली. तुमच्याकडे वर्गणी जमत असेल तर त्यातला मोठा भाग याच्यावर खर्च करा, असं मी अगदी कळकळीने सांगेन. ज्या माणसाला शिवता येतं, सुतारकाम येतं, वायरिंग येतं, तो तुमच्या शेजारीच पुठ्ठ्यावर बसलेला असतो, त्याला विचारत कुणी नाही.

वर्षाचं गणित

मुंबईत पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, म्हणजे वाटप मेच्या शेवटच्या आठवड्यात संपलं पाहिजे, म्हणजे शिवणकाम जानेवारी ते एप्रिल, म्हणजे फ्लेक्स आणि साड्या गणपती ते दिवाळीत जमवायच्या. दिवाळीच्या साफसफाईत साड्या भरपूर निघतात, तेव्हाच सोसायटीच्या ग्रुपवर टाका. दुधाच्या पिशव्या आजपासून. कापून, आतून धुऊन, खिडकीत दोरीला चिमट्याने लावून वाळवा, ओल्या भरल्या तर आत दूध नासून वास मारतं. दिवसाला दोन पिशव्या येणाऱ्या चार घरांनी मिळून ठरवलं तर एका वळकटीचा बांध तीन आठवड्यांत भरतो.